कल्पिताची उपासना

जो मनुष्य कधी जन्मलाच नाही त्याच्यावर श्रद्धा ठेवता येते काय, आणि येत असेल तर त्या श्रद्धेला धर्मजिज्ञासूने कोणत्या कोटीत बसवावे, हा प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राच्या अभ्यासकांपुरता मर्यादित वाटतो. परंतु २०१२ च्या जानेवारीत लंडन शहरात तो भर रस्त्यावर येऊन उभा राहिला होता. त्या महिन्याच्या १५ तारखेला बीबीसीने 'शेरलॉक' या मालिकेचा 'द रायखेनबाख फॉल' नावाचा भाग प्रक्षेपित केला. आर्थर कॉनन डॉयल यांनी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत निर्माण केलेल्या शेरलॉक होम्सला स्टीव्हन मॉफट आणि मार्क गेटिस या लेखकद्वयाने २०१० पासून आजच्या लंडनमध्ये, मोबाइल फोन आणि संगणकाच्या जगात, आणून वसविले होते. बेनेडिक्ट कंबरबॅच होम्सची आणि मार्टिन फ्रीमन डॉक्टर वॉटसनची भूमिका करीत होता. या भागाच्या शेवटी, खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या मित्राशी फोनवर अखेरचे बोलून, शेरलॉक सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या छतावरून उडी घेतो; त्याच्या थडग्यापाशी उभा राहून वॉटसन, जो लष्करातला शल्यचिकित्सक असून भाबडा मुळीच नाही, मृताकडे आणखी एका चमत्काराची याचना करतो; आणि काही अंतरावर शेरलॉक जिवंत उभा असल्याचे प्रेक्षकाला, केवळ प्रेक्षकाला, दिसते. त्यानंतर त्या रुग्णालयाजवळच्या तांबड्या टेलिफोन बूथच्या काचांवर चिठ्ठ्या चिकटू लागल्या. शेरलॉकवर आमचा विश्वास आहे, तो लबाड नव्हता, एवढाच बहुतेक चिठ्ठ्यांचा आशय होता.

पुढचा भाग यावयास २०१४ सालचा १ जानेवारी उजाडावा लागला. मधल्या जवळजवळ दोन वर्षांत रसिकांनी त्या एका उडीची जी छाननी केली तिची बरोबरी एखाद्या गाजलेल्या खुनाच्या खटल्यातील उलटतपासणीलाच करता येईल. शेरलॉकने वॉटसनला फोनवरून एका ठरावीक जागी परत जाऊन तेथून हलू नकोस असे का बजावले. त्या जागेच्या आणि रुग्णालयाच्या मध्ये असलेल्या बैठ्या इमारतीमुळे देह जमिनीवर आदळताना वॉटसनला दिसलाच नाही, हा योगायोग की योजना. धावत सुटलेल्या वॉटसनला नेमक्या त्याच क्षणी धडक देणारा सायकलस्वार कोण. पदपथालगत उभी असलेली, बोचक्यांनी भरलेली मालमोटार लगेच निघून का गेली. प्रयोगशाळेत बसून शेरलॉक जो रबरी चेंडू आपटीत होता तो काखेत दाबून धरला तर मनगटाची नाडी लागेनाशी होते, तेव्हा त्या चेंडूचे प्रयोजन हेच नव्हे काय. आणि शवागारात काम करणाऱ्या मॉली हूपरने या कामी कोणती मदत केली असावी. ही माणसे नोकरीचाकरी करणारी, शिकलेली, अनेक देशांत विखुरलेली होती, आणि शेरलॉक हा कागदावरचा पुरुष आहे हे त्यांतील प्रत्येकाला ठाऊक होते. तो जिवंत आहे हेही त्यांनी पडद्यावर पाहिले होते. तो वाचला कसा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आपल्याकडे श्रवणानंतर मनन सांगितले आहे ते याच क्रमाने: वस्तू आहे हे आधी स्वीकारावयाचे, आणि मग ती अशी कशी असू शकते याचा युक्तीने शोध घ्यावयाचा. अविश्वासाने केलेली चौकशी आणि विश्वासाने केलेली चौकशी यांची साधने एकच असली तरी त्यांचा रोख भिन्न असतो, आणि या मंडळींची चौकशी दुसऱ्या जातीची होती.

त्या चिठ्ठ्यांचा अर्थ कळण्यासाठी मात्र कथेतील एक धागा जवळून पाहिला पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म त्यातच दडलेले आहे. या भागात शेरलॉकचा वैरी मॉरियार्टी त्याचा जीव घेण्यापूर्वी त्याची अब्रू घेतो, आणि ती घेण्याची त्याची युक्ती अशी की तो स्वतःला रिचर्ड ब्रूक नावाचा एक गरीब नट म्हणवून घेतो. मॉरियार्टी नावाचा कोणी खलपुरुष नाहीच. शेरलॉकनेच आपली बुद्धिमत्ता मिरविण्यासाठी मला पैसे देऊन ते सोंग आणावयास लावले, अशी त्याची फिर्याद. वृत्तपत्रे ती छापतात, पोलीस ती मानतात, आणि कालपर्यंत शेरलॉकला डोक्यावर घेणारे शहर त्याला तोतया ठरविते. म्हणजे 'हा खरा नव्हे, हा नट आहे' हे वाक्य या कथेत असत्य आहे आणि ते उच्चारणारा दुष्ट आहे. आणि कथेबाहेर, अँड्र्यू स्कॉट या नटाने ती भूमिका केलेली असल्यामुळे, तेच वाक्य अक्षरशः सत्य आहे! ज्याने बूथवर चिठ्ठी चिकटविली त्याने कथेच्या आत राहून कथेतील असत्याचा निषेध केला. त्या निषेधाला खोटे म्हणणे मला जमत नाही, आणि सामान्य अर्थाने खरे म्हणणेही जमत नाही.

या पेचाची उकल करण्यास युरोपातील अलीकडच्या तत्त्वज्ञांनी बरेच श्रम घेतले आहेत. कॉलिन रॅडफर्ड यांनी १९७५ साली हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडून, जे अस्तित्वातच नाही त्यासाठी अश्रू ढाळणे ही मनुष्यस्वभावाची एक विसंगती होय, असा निर्णय दिला. आपल्या काश्मिरी आचार्यांना तो निर्णय पटला नसता. भट्ट लोल्लटाने रसाचे मूळ स्थान रामादी पात्रांत मानले आणि नटाच्या ठायी तो त्या रूपाच्या अनुसंधानाने प्रतीत होतो असे म्हटले. त्यावर शंकुकाने जो विचार मांडला तो मला आजही आश्चर्यकारक वाटतो. रंगभूमीवर 'हा राम' अशी जी प्रतीती येते ती यथार्थ ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, 'हा राम असेल की नसेल' असा संशय नव्हे, आणि 'हा रामासारखा आहे' असे सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातील घोड्याकडे पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो तशी ती चारींहून वेगळी, स्वतंत्र प्रतीती होय. नटाच्या अभिनयावरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो हा शंकुकाचा पुढचा सिद्धान्त भट्ट तौताने आणि त्याचा शिष्य अभिनवगुप्त याने खोडून काढला, आणि तो योग्यच खोडला असे मी मानतो. परंतु त्या चार नकारांनी जी जागा मोकळी करून ठेवली ती तशीच राहिली आहे, आणि टेलिफोन बूथवरच्या चिठ्ठ्या त्याच जागेतून लिहिल्या गेल्या आहेत. चित्रातल्या घोड्याला कोणी चंदी घालीत नाही, पण म्हणून त्याला घोडा म्हणणारा भ्रमिष्ट ठरत नाही.

अशा प्रतीतीत राहणाऱ्यांची एक जुनी विद्वत्परंपराही आहे, आणि तिचा आरंभ एका भावी धर्मगुरूने केला हे धर्मविषयक प्रश्नाच्या संदर्भात लक्षणीय आहे. १९११ साली ऑक्सफर्ड येथे रोनाल्ड नॉक्स या तरुण पंडिताने होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. जर्मन पंडित त्या काळी बायबलच्या पोथ्यांना जी चिकित्सा लावीत असत, म्हणजे कोणता भाग मूळ, कोणता प्रक्षिप्त, दोन वचनांत विरोध असल्यास दोन कर्ते मानावे काय, ती सगळी त्याने होम्सकथांना लावून दाखविली. नॉक्स पुढच्याच वर्षी आंग्ल चर्चचा धर्मोपदेशक झाला, १९१७ साली रोमन कॅथलिक पंथात गेला, आणि उतारवयात त्याने संपूर्ण बायबल लॅटिनमधून इंग्रजीत उतरविले. त्याने ज्या खेळाची सुरुवात केली तो पुढे अनेकांनी निष्ठेने चालविला. वॉटसनला अफगाणिस्तानात गोळी लागली ती 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये खांद्याला आणि 'द साइन ऑफ फोर'मध्ये पायाला. त्याचे नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणून हाक मारते. उघडच हे डॉयल यांच्या घाईचे परिणाम. परंतु मीमांसकाला श्रुतिवचनांतील विरोध जसा कर्त्याच्या विसराळूपणावर ढकलता येत नाही, त्याला एकवाक्यता साधावीच लागते, तशी या मंडळींनी ती साधली. वॉटसनच्या नावातील मधले आद्याक्षर 'एच' हे हॅमिश या नावाचे, आणि हॅमिश म्हणजे जेम्सचेच स्कॉटिश रूप, तेव्हा बायको लाडाने मधल्या नावाने हाक मारीत असणार, ही उपपत्ती रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स हिची.

बीबीसीच्या मालिकेने या टीकापरंपरेला जणू सनदच दिली. तिच्यात वॉटसनच्या मधल्या नावाचा उच्चार होतो तो हॅमिश असाच. अफगाणिस्तान तर एकशे तीस वर्षांनंतरही इंग्रज सैनिकाच्या जखमेसाठी हजरच होते, त्यामुळे तेथे काही बदलावे लागले नाही. आणि जखमेचा विरोध लेखकांनी असा सोडविला की वॉटसन पहिल्या भागात काठी घेऊन लंगडत येतो, शेरलॉक प्रथमदर्शनीच ओळखतो की हे लंगडणे मनाचे आहे (गोळी प्रत्यक्षात खांद्याला लागलेली असते), आणि एका गुन्हेगाराच्या मागे रात्रीच्या लंडनमधून धावताना वॉटसन आपली काठी खाणावळीत विसरून जातो. एका शतकापूर्वीची नजरचूक येथे एका दुखावलेल्या माणसाच्या बरे होण्याची गोष्ट झाली. भाष्यकाराच्या प्रेमामुळे मूळ ग्रंथाला जे नव्हते ते सौंदर्य लाभते, याचा इतका सुरेख दाखला मला दुसरीकडे आढळला नाही. आणि पवित्र ग्रंथांच्या पद्धतीने लौकिक कथा वाचल्यामुळे पवित्र ग्रंथांची विटंबना होते अशी कोणाची तक्रार असेल तर तिला नॉक्सचे पुढचे सारे आयुष्य हेच उत्तर होय. मराठी वाचकालाही होम्स भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे घरचा वाटत आलेला आहे, तेव्हा या बारकाव्यांतील गोडी त्याला वेगळी समजावून सांगावयास नको.

स्वतः डॉयल यांची गोष्ट अधिक गहन आहे. आपल्या या मानसपुत्राने आपल्या गंभीर लेखनाची वाट अडविली असे वाटून १८९३ च्या डिसेंबरात त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यात लोटले, आणि वाचकांच्या आक्रोशाला तब्बल दहा वर्षे दाद न देता अखेर १९०३ साली त्याला परत आणले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ते परलोकविद्येचे जाहीर पुरस्कर्ते झाले; १९१८ साली त्यांचा थोरला मुलगा वारला; यॉर्कशायरमधील कॉटिंगली गावच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली आणि त्यांवर १९२२ साली पुस्तकही लिहिले. ती छायाचित्रे बनावट असल्याची कबुली त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ साली दिली. कठोर अनुमानाचा पुतळा घडविणारा हाच तो मनुष्य, म्हणून लोक याबद्दल डॉयल यांची कीव करतात. मला त्यांच्या चरित्रातील दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. १९२६ साली त्यांनी आपल्या प्रोफेसर चॅलेंजर या दुसऱ्या पात्राला परलोकवादाची दीक्षा दिली. पण होम्सला दिली नाही. १९२४ साली, स्वतःचा प्रचार ऐन भरात असताना, लिहिलेल्या रक्तपिपासू पिशाचाच्या कथेतही होम्स भुताखेतांची मात्रा चालू देत नाही आणि घटनेचे लौकिक कारणच शोधून काढतो. ज्याच्यावर आपला सर्वस्वी हक्क आहे अशा कल्पित मनुष्याकडूनही आपल्या अंतरीच्या श्रद्धेची साक्ष वदवून घेणे अनुचित होय, हा विवेक या शोकाकुल पित्याने शेवटपर्यंत पाळला. कल्पिताचाही एक धर्म असतो आणि निर्मात्यानेही त्याची हद्द ओलांडू नये, हे ज्याला कळले त्याला भोळा म्हणून बाजूस सारणे मला अन्यायाचे वाटते.

ही हद्द पुष्कळ उपासकांना मात्र राखता आली नाही. मालिकेचे लेखक सावध होते. २०१४ सालच्या 'द एम्प्टी हर्स' या भागात त्यांनी खुद्द तर्क लढविणाऱ्या रसिकांचेच एक मंडळ कथेत आणले, आणि त्याचा प्रमुख केला तो अँडरसन, ज्याने पूर्वी शेरलॉकवर संशय घेतला होता आणि जो आता पश्चात्तापाने पोळलेला आहे. शेरलॉक कसा वाचला याची तीन स्पष्टीकरणे तो भाग देतो. पहिली दोन उघडच मनोराज्ये. तिसरे, हवेने फुगविलेल्या मोठ्या गादीचे, खुद्द शेरलॉक अँडरसनला सांगतो, आणि ते ऐकून अँडरसन खट्टू होतो, मग त्याला शंका येते की शेरलॉकने हे आपल्यालाच का सांगावे. लेखकांनी त्यापुढे निकाल दिला नाही. पुष्कळांना ही फसवणूक वाटली. मला तो फार समंजस निर्णय वाटतो, कारण दोन वर्षे चिंतनाचा विषय झालेल्या गोष्टीचे कोणतेही एक उत्तर त्या चिंतनापेक्षा लहानच ठरले असते.

तीन वर्षांनंतर जे झाले त्यात मात्र समंजसपणा कोणालाच सापडला नाही. १५ जानेवारी २०१७ रोजी चौथ्या मालिकेचा तिसरा आणि शेवटचा भाग दाखविला गेला. तो अनेकांना इतका विसंगत वाटला की रसिकांपैकी एका गटाने असा सिद्धान्त मांडला की हा शेवट खरा नव्हेच. खरा शेवट एका गुप्त चौथ्या भागात आहे आणि तो पुढच्या रविवारी अवचित प्रकट होईल. शेरलॉक आणि वॉटसन यांचे परस्परांवरील प्रेम त्यात उघडपणे मान्य होईल अशी त्यांतील अनेकांची आशा होती. कार्यक्रमपत्रिकेत त्या वेळी 'ॲपल ट्री यार्ड' ही दुसरीच मालिका छापलेली होती. ती मालिकाच बनावट आहे, आपल्याला चकविण्यासाठी घातलेला पडदा आहे, असे ते म्हणू लागले. २२ तारखेला 'ॲपल ट्री यार्ड'च लागली. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच एका मंडळाचा अभ्यास केला आहे: १९५४ च्या डिसेंबरात महापूर येणार आणि आपल्याला अंतराळातून यान न्यावयास येणार अशी वाट पाहत बसलेले ते लोक, तारीख टळल्यावर काहीजण गळाले तरी, उरलेले पूर्वीपेक्षा अधिक आवेशाने प्रचारास लागले. शेरलॉकच्या उपासकांची निराशा मला क्षुद्र वाटत नाही. ज्यांच्या प्रेमाला जगात मुश्किलीने जागा मिळते अशा कित्येकांनी त्या दोन मित्रांत आपले प्रतिबिंब पाहिले होते, आणि त्यांचे दुःख खरे होते. परंतु चित्रातल्या घोड्याने एका ठरावीक रविवारी चौकटीबाहेर पाऊल टाकावे असा आग्रह धरला की शंकुकाने दाखविलेली ती स्वतंत्र प्रतीती संपते, आणि शिल्लक राहते ते केवळ एक विधान, जे खरे किंवा खोटेच ठरावयाचे असते, आणि ते खोटे ठरते.

दुसरे उल्लंघन अधिक क्रूर होते, कारण त्याची झळ जिवंत माणसांना लागली. वॉटसनची पत्नी मेरी हिची भूमिका अमँडा ॲबिंग्टन या नटीकडे गेली तेव्हा, ती दोघा मित्रांच्या मध्ये येणार या रागाने, तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. कंबरबॅचचा विवाह २०१५ साली झाला. आपली पत्नी आणि आपले मूल ही दोन्ही प्रसिद्धीसाठी उभी केलेली सोंगे आहेत असे मानणारे लोक आहेत, हे त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितले. रिचर्ड ब्रूकच्या फिर्यादीचे हे भीषण उलटे रूप होय! तेथे खऱ्याला नट ठरविले होते. येथे नटाच्या खऱ्या संसारालाच सोंग ठरविले गेले, कारण ज्याच्यावर प्रेम केले तो पुरुष एकाकी, ब्रह्मचारी, केवळ बुद्धीने जगणारा होता आणि त्याच चेहऱ्याच्या माणसाने बायको करावी हे उपासकाला सोसवेना. फ्रीमनने २०१८ साली बोलून दाखविले की लोकांच्या अपेक्षांच्या ओझ्यामुळे या कामातील मजा उरली नाही. कंबरबॅचला ते मत मान्य झाले नाही आणि त्याने ते तसे सांगितलेही. दोघांच्या मतभेदात मी शिरत नाही. ज्याच्या घरापर्यंत उपद्रव पोहोचला त्यानेच अपेक्षांची तक्रार करू नये असे म्हणावे, हे मात्र मला त्याच्या मोठेपणाचे लक्षण वाटते.

असे का व्हावे याचे उत्तर शोधताना मला आपल्या पार्थिव गणपतीची आठवण होते. मातीची मूर्ती घरी येते तेव्हा ती माती असते. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले गेले की ती देव होते. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस तिच्यापुढे आरत्या होतात, नैवेद्य होतो. आणि मग उत्तरपूजा होऊन, अक्षता पडून, तिला जागेवरून किंचित हलविले की ती पुन्हा माती होते व पाण्यात जाते. लहान मूल रडते, मोठ्यांचाही गळा दाटून येतो, पण विसर्जन टाळावे असे कोणी म्हणत नाही. आवाहन जितके विधिपूर्वक तितकेच विसर्जनही विधिपूर्वक, आणि ज्याला दुसरे करता येत नाही त्याला पहिले करण्याचा अधिकार नाही, ही या पूजेतील शिस्त आहे. काशीजवळच्या रामनगरला महिनाभर चालणाऱ्या रामलीलेत राम-सीता होणाऱ्या मुलांना 'स्वरूप' म्हणतात. मस्तकावर मुकुट आहे तोवर ती देव असतात, त्यांची आरती होते, काशीनरेशही त्यांना वंदन करतात. मुकुट उतरल्यावर ती शाळेत जाणारी पोरे असतात. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक हे की प्रेक्षक रंगभूमीवरच्या गोष्टीला विशिष्ट स्थळाशी, काळाशी, व्यक्तीशी बांधून टाकतो, आणि त्यावरील उपायांत त्याने नटाच्या मूळ रूपाला झाकणाऱ्या मुकुटादी वेषाचा उल्लेख केला आहे. शेरलॉकचा तो लांब काळसर कोट आणि निळा गळपट्टा हाच त्याचा मुकुट. पूर्वीच्या होम्सचा मुकुट म्हणजे दोन बाजूंना झापा असलेली टोपी, जी सिडनी पॅजेट या चित्रकाराने १८९१ साली प्रथम त्याच्या मस्तकी ठेवली. पण दूरचित्रवाणीच्या नटाला मुकुट उतरविण्यासाठी रंगपट उरलेला नाही. नाटक संपले की पडदा पडतो. येथे नट विमानतळावर दिसतो, मुलाखतीत दिसतो, दूरच्या कोणा अनोळखी माणसाच्या हातातील फोनवर अष्टौप्रहर दिसतो, आणि विसर्जनाची घटिकाच येत नाही.

जे रसिक विधी जाणतात त्यांनी आपापल्या परीने विसर्जनाची वहिवाट पाडलेली आहे, हेही सांगितले पाहिजे. ज्या नॉर्थ गोवर स्ट्रीटवर शेरलॉकच्या बेकर स्ट्रीटवरील घराच्या दाराचे चित्रीकरण होई तेथे जमणारे लोक चित्रीकरण पाहत, टाळ्या वाजवीत आणि निघून जात. आजही शेजारच्या स्पीडीज कॅफेत चहा पिऊन, त्या दाराचे छायाचित्र घेऊन लोक परततात, आणि दाराआडच्या रहिवाशाने शेरलॉक असावे असा त्यांचा आग्रह नसतो. आपल्याकडे १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' हा चित्रपट आला तेव्हा विष्णुपंत पागनीसांच्या ठायी लोकांनी तुकोबा पाहिले. पुढे तुलसीदास आणि नरसी भगत यांच्याही भूमिका त्यांच्याकडे आल्या, त्या लोकांच्या त्याच भावनेमुळे. तो भाव पवित्र होता असे मी निःशंकपणे म्हणेन. पण पागनीसांनी आयुष्यभर तुकोबाच राहावे अशी मागणी करण्याचा अधिकार त्या भावातून कोणाला प्राप्त झाला नव्हता.

यावर श्रद्धावान मनुष्य एक रास्त आक्षेप घेईल. गणपतीच्या मूर्तीमागे परमेश्वर आहे. मूर्ती विसर्जित झाली तरी तो उरतो, हाक मारली तर ओ देतो. शेरलॉकमागे कोण आहे? कोट उतरविल्यावर एक नट उरतो, नटामागे एक लेखक, लेखकामागे दुसरा लेखक, आणि तो तर १९३० सालीच वारला. हा भेद मी पुसू इच्छीत नाही. तो पुसला तर देवाचाही अपमान होतो आणि कथेचाही. भक्ताच्या संबंधात दुसरी बाजू कृपा करू शकते, असे भक्त मानतो. कल्पिताच्या उपासकाला ती सोय नाही. त्याला पलीकडून कोणी सावरणार नाही, कोणी दटावणार नाही, कोणी क्षमाही करणार नाही. म्हणूनच त्याच्या उपासनेतील सारी नीती त्याच्या एकट्याच्या अंगावर पडते. ज्याने निदान त्या बूथवरच्या चिठ्ठीपुरते तरी, सारे शहर उलटले असताना एका निर्दोष माणसाच्या बाजूने उभे राहणे कसे असते हे अनुभवले, त्याला काही मिळाले नाही असे मात्र मी म्हणणार नाही. वॉटसन थडग्यापाशी जे बोलतो त्यात परलोकाची ग्वाही नाही. मित्राने आपल्याशी खोटेपणा केला असे आपल्याला कोणीही पटवू शकणार नाही, एवढाच निश्चय आहे. तो निश्चय खऱ्या मित्राच्या बाबतीत करण्याची वेळ येते तेव्हा तो पूर्वी कुठे तरी शिकलेला असावा लागतो.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये कंबरबॅच लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात हॅम्लेट करीत होता. त्या प्रयोगांची तिकिटे वर्षभर आधीच विकली गेली होती, आणि ती घेणाऱ्यांत असे पुष्कळ होते ज्यांना हॅम्लेटच्या मुखवट्याआडून शेरलॉकच पाहावयाचा होता. आरंभीच्या एका प्रयोगानंतर नाट्यगृहाच्या मागल्या दारी जमलेल्या लोकांपुढे तो आला आणि त्याने त्यांना विनंती केली: प्रयोग चालू असताना कृपा करून फोनने चित्रण करू नका, अंधारात तो तांबडा दिवा मला रंगमंचावरून दिसतो, आणि माझे हे म्हणणे इतरांनाही कळवा. ज्यांच्या प्रेमाने त्याच्या खाजगी आयुष्याची कुंपणे ओलांडली होती त्यांच्याचपुढे उभा राहून त्याने अर्ज केला तो इतकाच, की काही घटकांपुरते मला हा दुसरा मनुष्य होऊ द्या.